कोळंबी-नूडल्स: खरी चव रश्श्यात
सिंगापूरच्या एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांच्या संकुलात, अर्धा तास रांगेत उभे राहून घेतलेल्या कोळंबी-नूडल्सच्या वाडग्याचे सारे श्रेय रश्श्याला द्यावे लागेल. कोळंबीची डोकी व कवचे परतून, डुकराच्या हाडांसह तासन्‌तास उकळलेला हा तांबूस रस्सा (ज्यांना डुकराचे मांस वर्ज्य आहे, त्यांनी आधी विचारून घ्यावे) आपल्या कोळंबीच्या कालवणाहून पातळ असला, तरी चवीला अधिक गाढ आहे. पिवळ्या नूडल्समध्ये तांदळाच्या शेवया मिसळून मागाव्यात, कारण रस्सा त्याच शोषून घेतात. तळलेल्या कांद्याचा कुरकुरीतपणा जेमतेम चार घास टिकतो. कोळंबी मात्र जास्त शिजून चिवट झाली होती आणि तिचा काळा दोराही काढलेला नव्हता. ६ सिंगापुरी डॉलर मोजल्यावर ही हयगय खटकते.