‘गेलो की आसा?’: निधनाच्या फॉरवर्डवर मोबाइलमधलं कोणतं साधन चालतं

रोज टीव्हीवर दिसणारा पुढारी किंवा नट ‘गेला’ अशी पोस्ट आली, तर तासाभरात त्याचाच व्हिडिओ येतो आणि विषय संपतो. जो वर्षानुवर्षं लोकांसमोर आलेलाच नाही, त्याची अफवा खोडायला कुणी पुढे येत नाही, म्हणून ती थोड्या थोड्या वर्षांनी नव्याने उठते. दाऊद इब्राहिमचं मूळ गाव खेड तालुक्यातलं मुंबके, त्यामुळे रत्नागिरीकडे अशा पोस्टला गिऱ्हाईक जास्त. 2017 ला हृदयविकार, 2020 ला कोरोना, डिसेंबर 2023 ला विषप्रयोग. (कोकणाला हे नवं नाही म्हणा. कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेले नानासाहेब पेशवे 1859 नंतर नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले, आणि 1874 मध्येही ग्वाल्हेरला एकाला नानासाहेब समजून पकडलं होतं.)

खालची साधनं फुकट आहेत. माणूस जिवंत आहे की नाही हे त्यातलं एकही सांगत नाही. पुरावा म्हणून जो फोटो किंवा स्क्रीनशॉट चिकटवलाय तो खरा का, इतकंच सांगतं. तेवढ्यावर निम्म्याहून अधिक पोस्ट गळतात.

पहिलं गूगल लेन्स. फोटो दिला की तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधतं. फोटो गॅलरीत सेव्ह करायचा, गूगल फोटोजमध्ये उघडायचा आणि खालचं लेन्सचं बटण दाबायचं. त्याआधी मात्र क्रॉप करा. बहुतेकांचं इथेच बिनसतं. लाल गोल, बाण, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची पट्टी, चॅनेलचा लोगो, सगळं कापायचं. नाहीतर लेन्स चेहरा सोडून अक्षरांच्या मागे लागतं आणि दुसऱ्याच कुणाच्या श्रद्धांजलीचे बॅनर समोर आणून ठेवतं. व्हिडिओ असेल तर पॉज करून तीन-चार वेगवेगळ्या फ्रेमचे स्क्रीनशॉट घ्या. हललेली, धूसर फ्रेम वाया जाते. लेन्सचा दोष असा, की ते ‘तोच’ फोटो आणि ‘तसाच’ फोटो यांची सरमिसळ करतं. इस्पितळातल्या खाटेचा फोटो टाकला की खाटा विकणाऱ्यांची दुकानं दाखवतं. दाऊदचे तर लोकांपुढे आलेले फोटोच मोजके आणि जुने. जाड मिशी आणि काळा चष्मा असलेला कुणीही त्याच्याशी ‘जुळतो’.

फोटो इंटरनेटवर कधीपासून आहे ती तारीख काढायची तर टिनआय ही फोटो शोधणारी साइट बरी. अ‍ॅप लागत नाही, ब्राउझरमध्ये साइट उघडून फोटो चढवायचा. पान हलकं आहे, घाटात रेंज एका काडीवर आली तरी निभावतं. निकाल आले की क्रम बदलून ‘ओल्डेस्ट’ करा. फोटो 2023 चा म्हणून फिरतोय आणि टिनआयला तो 2011 मध्येच सापडला होता, तर चौकशी तिथेच संपली. ही तारीख त्यांच्या यंत्रणेला फोटो पहिल्यांदा दिसला त्या दिवसाची असते, काढल्याची नव्हे. फोटो त्याहून जुना असू शकतो, नवा नाही. ‘कम्पेअर’ दाबलं की तुमचा फोटो आणि सापडलेला फोटो आलटून पालटून दिसतात, आणि खाडाखोड इथेच पकडली जाते. एप्रिल 2020 मध्ये उत्तर कोरियाचे किम जाँग-उन आजोबांच्या जयंतीला, 15 तारखेला, दिसले नाहीत. मग काचेच्या पेटीतल्या त्यांच्या ‘पार्थिवा’चा फोटो फिरला. तो 2011 च्या डिसेंबरातल्या त्यांच्या वडिलांच्या अंत्यदर्शनाचा होता, चेहरा तेवढा बदललेला. किम 1 मे रोजी खताच्या कारखान्याच्या उद्‌घाटनाला हजर झाले.

टिनआयची मर्यादाही मोठी. त्याचा साठा लेन्सपेक्षा लहान आहे आणि एआयने काल रात्री बनवलेला फोटो त्यात असणारच नाही. शून्य निकाल म्हणजे ‘खरा फोटो’ असं मुळीच धरू नका. फोटोची तारीख दाखवणारी एक्झिफ अ‍ॅप्स तर फॉरवर्डसाठी डाऊनलोडही करू नयेत: व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना ती माहिती काढून टाकतं. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून आली असेल तरच काही हाती लागतं.

ट्विटच्या स्क्रीनशॉटला या दोन्हींचा उपयोग नाही. तिथे एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) जाऊन हँडल, म्हणजे @ पुढचं नाव, वाचायचं. डिसेंबर 2023 मध्ये पाकिस्तानचे तेव्हाचे काळजीवाहू पंतप्रधान अन्वर-उल-हक काकर यांनी दाऊदच्या मृत्यूला दुजोरा दिल्याचा स्क्रीनशॉट आला. नाव बरोबर, फोटो बरोबर, पण हँडलमधल्या काकरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘के’ जास्त. नाव कुणालाही काहीही ठेवता येतं. हँडल एकाचं एकच, म्हणून अक्षर-अक्षर लावून पाहायचं. मग शोधात ‘फ्रॉम’, कोलन आणि खरं हँडल घालून त्या दोन दिवसांच्या पोस्ट काढायच्या. लॉगिन लागतं, आणि डिलीट केलेली पोस्ट सापडत नाही, हे दोन तोटे.

त्याच अफवेसोबत ‘पाकिस्तानात इंटरनेट बंद केलं, म्हणजे काहीतरी आहे’ हेही चाललं होतं. 17 डिसेंबरला तिथे समाजमाध्यमं अडली होती हे खरं, इंटरनेटच्या अडथळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नेटब्लॉक्स संस्थेने ते नोंदवलंय. पण ती वेळ इम्रान खान यांच्या पक्षाच्या ऑनलाइन सभेची होती. असले परिस्थितीजन्य पुरावे तपासायला कुठलंच अ‍ॅप नाही. किम यांच्या वेळी उत्तर कोरियाचा अभ्यास करणाऱ्या 38 नॉर्थ या संकेतस्थळाने तिथल्या वोन्सान शहराच्या स्थानकावर उभी असलेली सुमारे 250 मीटर लांबीची, बहुधा किम यांचीच, रेल्वेगाडी उपग्रहचित्रात दाखवली. त्यावरून गाडी कुठे आहे ते कळलं. आत कोण आहे ते कळत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. मुंबकेतल्या वडिलोपार्जित जमिनींचा 5 जानेवारी 2024 चा लिलावही असाच. तो साफेमा, म्हणजे तस्करांची मालमत्ता जप्त करण्याच्या कायद्याखाली, जप्त मालमत्तेचा होता, 15,440 रुपये राखीव किमतीचा तुकडा 2 कोटींच्या वर गेला. बातमी चमचमीत खरी, पण मालक आहे की गेला यावर ती काहीच बोलत नाही.

विकिपीडिया मृत्यूची तारीख पाहण्यासाठी उघडू नका. वरचं ‘इतिहास पहा’ दाबा. अफवेच्या दिवशी ‘आहे’चं ‘होता’ आणि पुन्हा ‘आहे’ असं किती वेळा झालं ते तिथे ओळीने दिसतं, आणि बदल परतवणाऱ्याने कारणही दिलेलं असतं. या कामाला हे पान लेन्सइतकंच उपयोगी आहे आणि कुणी उघडत नाही.

फॅक्ट-चेकपैकी मराठीत फॅक्ट क्रेसेंडो आणि विश्वास न्यूज वाचता येतात. काम नीट, मूळ फोटोसकट. पण लेख येईपर्यंत फॉरवर्ड सगळ्या चाकरमान्यांपर्यंत पोचून परत गावाला आलेला असतो. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकला अशा पोस्ट पाठवून उपयोग नाही, ते फक्त केंद्र सरकारविषयीचे दावे तपासतात. आणि ‘माझा मेव्हणा कराचीत आहे’ छापाची व्हॉइस नोट आली, तर यातलं काहीही लागू पडत नाही. ती पुढे ढकलू नये.