जळगावची लाइन प्रॉडक्शन सेवा: काम चोख, करार कच्चा

रावेरच्या केळीबागांत परदेशी स्वतंत्र चित्रपटांचं शूटिंग लावून देणारी ही सेवा जनरेटर, परवानग्या, शेतमालकाशी लेखी बोलणी सगळं वेळेत करते. पण करारात संपाचं कलमच नाही! नट सॅग-आफ्ट्रा या अमेरिकी कलाकारांच्या युनियनचा सभासद असेल तर युनियनचे नियम भारतातही लागू होतात. २०२३ च्या जुलै ते नोव्हेंबरच्या संपात मोठ्या स्टुडिओंशी न जोडलेल्या निर्मात्यांना संप चालू असतानाही शूटिंग करू देणारा युनियनचा अंतरिम करार मिळू शकत होता, तोही अर्ज मंजूर झाल्यावरच.

इथे तारीख हलली की ॲडव्हान्स बुडतो. शिवाय घड कापले की बागेचं रूप पालटतं, मग आधीच्या शॉटशी पुढचा जुळत नाही. ॲडव्हान्स दोन हप्त्यांत ठेवा, दुसरा हप्ता नट इकडे यायला निघाल्यावरच. उशिरा लागवड झालेली पर्यायी बाग करारातच लिहून घ्या.