मिश्र कोरच्या लॅपटॉपवर टास्कसेट: वापरानंतरचे परीक्षण

यूटिल-लिनक्स या संचाबरोबर टास्कसेट ही कमांड लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक वितरणात आपोआप येते, आणि एखादी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, कोणकोणत्या सीपीयूंवर चालू शकेल यावर मर्यादा घालणे एवढे एकच काम ती करते. चिपवरील सगळे कोर, म्हणजे प्रत्यक्ष आज्ञा पाळणारे भाग, सारखेच असत, तोवर घरगुती वापरात तिची गरज क्वचितच पडे. इंटेलने नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲल्डर लेक मालिका आणून एकाच चिपवर दोन जातींचे कोर बसवल्यापासून मात्र ही जुनी कमांड सामान्य लॅपटॉपवरही उपयोगाची ठरू लागली आहे. हे परीक्षण कोअर आय५-१२४०पी असलेल्या लॅपटॉपवरील नित्याच्या वापरावर आधारलेले आहे.

या चिपवर वेगवान असे ४ पी-कोर आणि कमी वीज खाणारे ८ ई-कोर आहेत. पी-कोर प्रत्येकी दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, एकाच वेळी चालवतात, ई-कोर एकच, त्यामुळे लिनक्सला एकूण १६ सीपीयू दिसतात. ० ते ७ हे क्रमांक पी-कोरचे आणि ८ ते १५ हे ई-कोरचे. पहिल्यांची कमाल गती ४.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्यांची ३.३. दुसऱ्या यंत्रावर हेच क्रमांक असतील असे गृहीत धरू नये. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, यंत्राची माहिती सिसएफएसमध्ये फाइलींच्या रूपात दाखवतो; तिथल्या डिव्हायसेस या डिरेक्टरीत ‘सीपीयू_कोर’ आणि ‘सीपीयू_ॲटम’ अशा दोन नोंदी असतात आणि त्यांतील ‘सीपीयूज’ या फाइलीत नेमके क्रमांक लिहिलेले असतात. टास्कसेटला स्वतःला जातींचा पत्ता नाही. तिला फक्त क्रमांक कळतात. तिच्याविषयीची माझी पहिली तक्रार हीच आहे, कारण कर्नलकडे तयार असलेली ही माहिती वाचून ‘फक्त ई-कोर’ असा सरळ पर्याय देणे अवघड नव्हते.

मूळ वापर सोपा आहे: ‘सी’ हा पर्याय, त्यापुढे ८-१५, आणि मग चालवायची कमांड. मोठा व्हिडिओ एन्कोड होत असताना त्याच यंत्रावर लिहिण्यावाचण्याचे काम चालू ठेवायचे असेल, तर एवढ्या एका ओळीने फार मोठा फरक पडतो. एन्कोडला वेळ अधिक लागतो, पण पी-कोर मोकळे राहिल्याने ब्राउझर अडखळत नाही आणि पंख्याचा आवाजही बेताचा राहतो. ही मर्यादा फोर्कने, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्याने, निर्माण होणाऱ्या प्रत्येक अपत्य प्रोसेसकडे जाते आणि एक्झेकनंतरही, म्हणजे तिने दुसरा प्रोग्राम चालवायला घेतल्यावरही, टिकते, त्यामुळे एन्कोडर पुढे कितीही थ्रेड काढो, ते सगळे कुंपणाच्या आतच राहतात.

मात्र ही सूचना नसून बंदी आहे, हे पक्के लक्षात ठेवावे. ई-कोर सगळे गुंतलेले आणि पी-कोर रिकामे असले, तरी कर्नल ते काम तिकडे हलवणार नाही. याच कारणाने ‘माझा महत्त्वाचा प्रोग्राम फक्त पी-कोरवरच चालावा’ या हौसेपोटी टास्कसेट वापरणे मला पटत नाही. भार असताना वेगवान कोर आधी निवडण्याचे काम शेड्यूलर, म्हणजे कर्नलमधील कामवाटपाचा भाग, बहुतांशी नीट करतो. आपण ० ते ७ इतकेच क्रमांक दिले की सर्व थ्रेड चार कोरांवर दाटीवाटीने बसतात आणि आठ ई-कोरांची ताकद त्या प्रोग्रामपुरती वाया जाते. दुय्यम कामाला अडवण्यासाठी हे साधन उत्तम आहे, आवडत्या कामाला पुढे काढण्यासाठी नाही.

सोर्स कोडमधून प्रोग्रामची बांधणी करणाऱ्या मेक या कमांडच्या बाबतीत एक फसवी गोष्ट आहे आणि ती सविस्तर सांगायला हवी. एनप्रॉक ही कमांड प्रोसेसला लागू असलेली मर्यादा पाहूनच उपलब्ध सीपीयूंची संख्या सांगते. टास्कसेटच्या आत ८-१५ देऊन ती चालवली, तर या यंत्रावर उत्तर १६ नव्हे, ८ येते. परंतु एका वेळी किती कामे चालवायची हे सांगणाऱ्या मेकच्या ‘जे’ पर्यायापुढे डॉलर-कंसात एनप्रॉक लिहून त्या संपूर्ण ओळीआधी टास्कसेट लावली, तर शेल, म्हणजे आपली ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्राम, तो कंस आधीच, मर्यादा लागू होण्यापूर्वी, सोडवतो. मग १६ कामे सुरू होतात आणि आठ कोरांवर एकमेकांना ढकलत बसतात. संपूर्ण मेकची ओळ एकेरी अवतरणात घालून ती टास्कसेटखालील नव्या शेलला द्यावी, म्हणजे हिशेब बरोबर येतो. पायथनमध्येही हाच सापळा आहे: ‘ओएस’ मॉड्यूलमधील ‘सीपीयू_काउंट’ एरवी यंत्रावरचे सगळे सीपीयू मोजते, तर ३.१३ आवृत्तीत आलेले ‘प्रोसेस_सीपीयू_काउंट’ मर्यादा जमेस धरते.

आधीच चालू असलेल्या प्रोसेसला कुंपण घालताना ‘पी’ पर्यायासोबत ‘ए’ हा पर्यायही द्यावाच लागतो. तो विसरल्यास केवळ एका थ्रेडची मर्यादा बदलते, बाकीचे थ्रेड पूर्वीसारखेच सगळीकडे फिरत राहतात, आणि कमांड मात्र काम फत्ते झाल्यासारखे नवे मूल्य छापते.

टास्कसेटची खरी उणीव अशी की तिने घातलेली मर्यादा ती प्रोसेस स्वतःच उठवू शकते; स्वतःची मर्यादा बदलायला कोणताही विशेष अधिकार लागत नाही. बंदी कडक हवी असेल, तर सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचा ‘अलाउड-सीपीयूज’ हा गुणधर्म वापरावा. तो सीग्रुपमधील (प्रोसेसच्या गटांवर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीतील) सीपीयूसेटच्या, म्हणजे गटाला ठरवून दिलेल्या सीपीयूंच्या यादीच्या, आधारे काम करतो, त्याबाहेर प्रोसेसला पाऊल टाकता येत नाही, आणि टास्कसेटने अधिक सीपीयू मागितले तरी कर्नल दोन्हींत समान असलेलेच देतो. मात्र सामान्य वापरकर्त्याकडे सीपीयूसेटचा अधिकार बहुधा सोपवलेला नसल्याने त्यासाठी सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणे, लागते. घरच्या लॅपटॉपवर मला हा खटाटोप अनावश्यक वाटतो. अनेकांच्या सामाईक सर्व्हरवर मात्र तोच योग्य मार्ग आहे.

इंटेलच्या या यंत्रावर चुकीचा कोर निवडल्याने काम फार तर मंदावते, कारण दोन्ही जातींना त्याच आज्ञा समजतात. ही समानता राखण्यासाठीच इंटेलने पी-कोरमध्ये असलेली एव्हीएक्स-५१२ ही जादा आज्ञांची सोय बंद ठेवली. आर्मच्या काही फोन-चिपांत चित्र वेगळे आहे: स्नॅपड्रॅगन ८ जेन १ मधील कॉर्टेक्स-एक्स२ हा कोर ३२-बिट प्रोग्राम चालवूच शकत नाही, कॉर्टेक्स-ए७१० चालवू शकतो. तिथे मर्यादा वापरकर्त्याच्या मर्जीवर सोडून भागत नाही. लिनक्स ५.१५ पासून, बूट करताना तशी परवानगी दिलेली असल्यास, कर्नल ३२-बिट प्रोग्रामच्या एक्झेकच्या वेळी स्वतःच चालू न शकणारे कोर यादीतून वगळतो आणि तोच टास्क पुन्हा ६४-बिट प्रोग्राम चालवू लागला की जुनी यादी परत लावण्याचा प्रयत्न करतो. अशा यंत्रावर टास्कसेटने विचारलेली यादी आपण दिलेल्या यादीपेक्षा लहान दिसली, तर तो कमांडचा दोष समजू नये. सिसएफएसमधील ‘एआर्च३२_ईएल०’ ही फाइल वाचली की उरलेले क्रमांक कोठून आले ते कळते.