गमबूट : केळीच्या बागेतला आणि पेंग्विनच्या बेटावरचा

जळगावच्या बाजारात केळीच्या बागेसाठी मिळणारा काळा पीव्हीसी गमबूट चिखलाला उत्तम. स्वस्त, हलका, धुवायला सोपा. पण दक्षिण अटलांटिक महासागरातल्या दक्षिण जॉर्जियासारख्या थंड बेटावर पक्ष्यांच्या अभ्यासाला जाणाऱ्याने तो नेऊ नये. कडक थंडीत पीव्हीसी ताठरतं, आणि चालताना चवड्याशी जिथे घडी पडते तिथेच आडवी चीर जाते. आत पाणी शिरलं की दिवस संपला. नैसर्गिक रबराचा बूट घ्या. महाग पडतो, पण गारठ्यातही वाकतो.

माप एक नंबर मोठं, आत लोकरी मोजा आणि तळाशी जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर. खान्देशच्या उन्हात जाड मोजे घालून बूट बघणं जिवावर येतं, तरी बघाच. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी बधिर होतात.

बुटाचा तळवा नीट पाहा. खोल, अरुंद खाचांत माती नि बिया अडकतात, आणि त्या बिया बेटावर परकं गवत रुजवतात. म्हणून उतरण्याआधी खाचा टोच्याने कोरून, ब्रशने घासून, जंतुनाशकात बुडवाव्या लागतात. 2023 मध्ये तिथे बर्ड फ्लू पोचल्यापासून यात जराही ढिलाई नको. रुंद खाचांचा तळवा लवकर साफ होतो.