आययूसीएनची लाल यादी : मॉरिशसच्या गुलाबी कबुतरावर पारखलेली एक मोफत सेवा

एखादा प्राणी किंवा वनस्पती नामशेष होण्याच्या किती जवळ आहे हे सांगणारी आययूसीएनची (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची) लाल यादी १९६४ पासून चालत आली आहे. आज तिच्यात दीड लाखाहून अधिक प्रजातींची मूल्यांकने आहेत आणि ती संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत आपण वाचतो तो ‘संकटग्रस्त’ हा शब्द बहुतेक वेळा येथूनच उचललेला असतो. इतक्या मोठ्या भांडाराची पारख वरवर चाळून होत नाही. त्यापेक्षा जिचा इतिहास नीट नोंदलेला आहे अशी एकच प्रजाती घ्यावी आणि तिचे पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, असे मी ठरवले. त्यासाठी निवडले ते मॉरिशसचे गुलाबी कबूतर.

या बेटाखेरीज जगात कोठेही न आढळणारे हे रानकबूतर १९९० च्या सुमारास जंगलात जेमतेम दहा उरले होते. उसाच्या लागवडीसाठी मॉरिशसचे मूळ जंगल पिढ्यान्‌पिढ्या तोडले गेले, इतके की आज त्यातले चांगल्या स्थितीतले जंगल दोन टक्क्यांहूनही कमी आहे. (१८३४ नंतर मजूर म्हणून गेलेली कोकणातली मराठी माणसेही याच उसाच्या मळ्यांत राबली. त्यांच्या वंशजांमुळे मराठी तेथे आजही शिकवली जाते आणि गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.) जे जंगल वाचले त्यात चिनी पेरूसारखी बाहेरची झाडे माजली. घरट्यांतली अंडी आणि पिल्ले खायला उंदीर, रानटी झालेली मांजरे, भारतीय मुंगूस आणि आग्नेय आशियातून आणलेली माकडे होतीच. त्यात ट्रायकोमोनास या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाची भर पडली. उरलेसुरले पक्षी घरटी बांधत होते ते जपानी सीडरच्या एका दाट राईत, म्हणजे परक्याच झाडांवर. प्राणिप्रेमी लेखक आणि संवर्धक जेराल्ड ड्युरेल यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात काही पक्षी पकडून मॉरिशस आणि इंग्लिश खाडीतील जर्सी बेट येथे बंदिवासात त्यांची वीण सुरू झाली. पुढे संवर्धक कार्ल जोन्स आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन यांनी १९८७ पासून पक्षी जंगलात सोडले, आणि आज त्यांची संख्या चारशे ते पाचशेच्या घरात आहे.

यादीत हा प्रवास, धोक्याच्या उतरत्या क्रमाने, असा दिसतो : अतिसंकटग्रस्त, मग २००० मध्ये संकटग्रस्त आणि २०१८ मध्ये असुरक्षित. सेवेचा पहिला गुण येथेच दिसतो. जुनी श्रेणी पुसून तिच्या जागी नवी लिहिली जात नाही. कोणत्या वर्षी कोणती श्रेणी होती हे पानावर राहते, आणि ती कोणत्या निकषाने दिली हेही सांकेतिक अक्षरांत नोंदलेले असते. पक्ष्यांचे मूल्यांकन बर्डलाइफ इंटरनॅशनल ही संस्था करते, त्यामुळे जबाबदारी कोणाची हेही संदिग्ध राहत नाही. नियमही घाईला वाव देणारे नाहीत. धोका वाढला तर प्रजाती लगेच वरच्या श्रेणीत टाकता येते; धोका कमी झाला असे वाटले, तर मात्र वरच्या श्रेणीचे निकष सलग पाच वर्षे लागू पडत नाहीत हे दिसल्यावरच तिला खाली उतरवले जाते. ही असमानता मला फार शहाणपणाची वाटते, कारण आनंदाची बातमी चुकली तर तिची किंमत पक्ष्याला मोजावी लागते.

दुसरा गुण बहुतेक वाचकांच्या नजरेतून सुटतो. श्रेणी बदलली म्हणजे प्रजातीची अवस्था बदलली, असे ही यादी गृहीत धरत नाही. खरा बदल आणि केवळ माहिती वाढल्याने झालेला बदल यांत ती फरक करते. आपल्याकडचा रानपिंगळा हा दुर्मीळ घुबड १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, नंतर तानसासारख्या नव्या ठिकाणीही दिसला, आणि अखेर अतिसंकटग्रस्ताचा संकटग्रस्त झाला. तो अचानक सुखरूप झाला असे नव्हे. आपल्याला त्याचे ठावठिकाणे अधिक कळले. गुलाबी कबुतराची श्रेणी बदलली ती माणसांनी प्रत्यक्ष कष्ट उपसून संख्या वाढवल्यामुळे. शीर्षकातला श्रेणीचा रंगीत शिक्का पाहून पान बंद करणाऱ्याला हा भेद कधीच कळणार नाही.

माझी मुख्य तक्रार याच शिक्क्याविषयी आहे. पानाच्या माथ्यावर ‘असुरक्षित’ असे ठळक दिसते आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. पण हे कबूतर त्या श्रेणीत टिकून आहे ते रोजच्या मजुरीवर : पूरक खाद्याची केंद्रे चालवणे, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त, रोगावर लक्ष, रंगीत कड्यांनी ओळखता येणाऱ्या पक्ष्यांची नोंद. हे काम थांबवले तर श्रेणी किती दिवस टिकेल, याचे उत्तर त्या एका शब्दात नाही. त्याच बेटावरच्या मॉरिशस केस्ट्रेलचे उदाहरण ताजे आहे. १९७४ मध्ये या ससाण्याचे फक्त चार पक्षी माहीत होते. प्रयत्नांनी तो वाढला, १९९४ मध्ये असुरक्षित श्रेणीत आला, आणि २०१४ मध्ये पुन्हा संकटग्रस्त ठरला.

जनुकांचा प्रश्न याहून अवघड आहे. आजची सगळी रानकबुतरे मूठभर पूर्वजांची संतती असल्याने संख्या वाढली तरी गमावलेली विविधता परत आलेली नाही. प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या वंशांतील पक्षी आणून ती भरून काढली नाही, तर प्रजाती पुढील ५० ते १०० वर्षांत नामशेष होण्याची शक्यता आहे, असे अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून मांडले गेले आहे. लाल यादीचे निकष मुख्यतः संख्या, घट आणि क्षेत्र मोजतात. गणिती अंदाजांसाठी पाचवा निकष आहे, पण त्याची मुदतही पाहण्यासारखी आहे : २० वर्षे किंवा ५ पिढ्या यांपैकी जो काळ अधिक, त्यात नामशेष होण्याची शक्यता किमान २० टक्के असेल तर प्रजाती संकटग्रस्त, आणि १०० वर्षांत १० टक्के असेल तर असुरक्षित. म्हणजे संकट जितके दूरचे, तितका शिक्का सौम्य. एखादी प्रजाती शतकभरात संपणार हे जवळजवळ नक्की असले, तरी या निकषावर ती ‘असुरक्षित’च राहू शकते. याला यादीची चूक म्हणता येणार नाही, कारण तिचे काम तातडी मोजण्याचे आहे. मात्र वाचणारे तिच्याकडून सुरक्षिततेची हमी मागतात, आणि संकेतस्थळाची मांडणी तो गैरसमज दूर करण्यासाठी पुरेसे काही करत नाही. प्रजाती पूर्ण सावरण्यापासून किती दूर आहे हे मोजणारी ‘ग्रीन स्टेटस’ ही जोड आययूसीएनने दिली आहे. ती दिशा योग्य आहे.

वापराच्या सोयीबद्दल थोडे. शास्त्रीय नावाने, म्हणजे नेसोएनास मायेरी असे शोधल्यास पान लगेच सापडते. मराठीत काहीच नाही, आणि मजकुराची इंग्रजी तांत्रिक असल्याने शाळकरी विद्यार्थ्याला मदतीशिवाय ती झेपणार नाही. माहितीसंच उतरवून घ्यायचा असेल तर खाते उघडावे लागते, आणि व्यावसायिक वापरावर निर्बंध आहेत. मूल्यांकनाला दहा वर्षे उलटली की ते अद्ययावत करण्याची गरज असल्याची सूचना पानावर येते. ही छोटी सोय मला फार आवडली, आणि उतारे घेणाऱ्या प्रत्येक पत्रकाराने ती आधी पाहावी.

पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो त्या शिक्क्याच्या दिमाखासाठी. वापरणाऱ्याने श्रेणीचा शब्द शेवटी वाचावा. आधी संख्येचा कल, मग धोके, आणि त्यानंतर संवर्धनाच्या कामांचा भाग पाहावा. जिथे पूरक खाद्य आणि शिकारी प्राण्यांचे नियंत्रण चालू असल्याचे लिहिलेले असेल, तिथे ते काम कोण करते आणि त्याला पैसा कोठून येतो हे त्या संस्थेच्या वार्षिक अहवालात शोधावे लागेल. लाल यादीच्या पानावर ते मिळणार नाही.