मेच्या उन्हात गच्चीवर कोण जातं?

आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोन वर्षांत दोनदा झालं. पहिल्या खेपेला सेक्रेटरी मीच होतो, तेव्हा हे मीच लिहिलेलं बरं.

मुलुंड पूर्वेला आमची तळमजला अधिक तीन मजल्यांची जुनी इमारत, बांधकाम 1984 सालचं, सोळा बिऱ्हाडं. तिसऱ्या मजल्यावर दर पावसाळ्यात कुठे ना कुठे ओल यायचीच. गच्चीतून पाणी गळलं तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा, वरच्या मजल्यावाल्यांचा नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या नियमावलीत, म्हणजे आदर्श उपविधीत, तसं स्पष्ट आहे. तरीही सभेत यावर दोन वर्षं भांडण चाललं, आणि ठराव झाला तेव्हा एप्रिल संपत आला होता. घाई तिथूनच सुरू झाली.

दोन कोटेशनं आली होती, चौरस फुटाला 240 आणि 255 रुपये. तिसरा माणूस आपणहून आला. मागच्या गल्लीत काम चालू आहे, माणसं इथंच आहेत, सामान उरलंय, म्हणून 165मध्ये परवडतं. "काका, आपल्या माणसांकडून मी जास्त घेत नाही." या "आपल्या माणसां"वर कमिटीतले पाचच्या पाच जण विरघळले. मागच्या गल्लीत जाऊन कोणाला विचारावं, एवढंही आम्ही केलं नाही. कोटेशनवर जीएसटी नंबर होता. तो रद्द झालेला होता हे पोर्टलवर दोन मिनिटांत दिसतं. आम्ही ते ऑगस्टमध्ये पाहिलं.

कागदावर काम झकास होतं. जुना कोबा फोडायचा, स्लॅब साफ करायचा, भेगा भरायच्या, वर 4 मिलीमीटरची डांबरी शीट गॅसच्या बर्नरने तापवून चिकटवायची, त्यावर सिमेंटचा थर उतार काढून, आणि कठड्याच्या कडेला वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी सिमेंटची गोलाई. पाऊस तोंडावर आलाय, माल आजच उचलायला हवा, असं सांगून त्याने 1,60,000 रुपये अॅडव्हान्स नेला.

मेच्या उन्हात गच्चीवर कोण जातं? आम्ही कोणीच गेलो नाही. त्याची माणसं साडेअकराला यायची आणि चारच्या आत गुंडाळून जायची, म्हणजे नेमकी आमच्या वामकुक्षीची वेळ. गच्चीच्या दाराला त्याने गच्चीच्या बाजूने कडी घातली होती. केमिकल आहे, लहान मुलं येतील, म्हणाला. आम्हाला ते जबाबदारीचं लक्षण वाटलं!

शंका आली ती एकाच व्यक्तीला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया त्या वर्षी गच्चीवर वाळायच्या राहिल्या, म्हणून आधीच त्या चिडलेल्या. त्या मला म्हणाल्या, "अहो, कोबा फोडतायत म्हणता, मग माझ्या डोक्यावर हातोडे फक्त अर्धा दिवस कसे वाजले?" मी हसून म्हटलं, मशीन असेल त्यांच्याकडे. हिशेब खरं तर सोपा होता. गच्चीच्या 1,900 चौरस फुटांवरचा चार इंची कोबा फोडला तर चार-पाच ट्रक डेब्रिज निघतं. आमच्या गेटमधून एक टेम्पो गेला, तोही अर्धा रिकामा.

मग आलं बिल. कोटेशनमध्ये बारीक अक्षरांत होतं, "अंदाजे क्षेत्रफळ, बिल प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे." प्रत्यक्ष मोजमाप त्याचं त्यानेच घेतलं आणि 1,900चे 2,480 फूट झाले. कठड्याची आतली बाजू, वाटा, टाकीखालचा चौथरा, सगळं धरलं म्हणे. एकूण 4,09,200. दुसरा हप्ता म्हणून दीड लाख आधीच गेले होते. घासाघीस करून आणखी 60,000 दिले आणि 39,000 वाचवले म्हणून आम्ही चहा प्यायलो.

पाणी साठवून बघायची चाचणी? ती मी मागितली, हे माझ्या बाजूने एवढंच सांगण्यासारखं. आउटलेट बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी निदान दोन दिवस ठेवायचं आणि खालच्या छतावर नजर ठेवायची, एवढीच ती असते. तो म्हणाला, "काका, मे महिन्यात पाणीकपात असते. लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही गच्चीवर ओतणार?" मलाच अपराधी वाटलं. वर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर दहा वर्षांची गॅरंटी. स्टॅम्पपेपर बघितला की आपल्याला उगाच धीर येतो. त्यात अट होती की गच्चीवर डिश, अँटेना किंवा कोणतंही काम केल्यास गॅरंटी रद्द. डिश आधीपासून सहा होत्या.

मुंबईत पावसाची हवामान खात्याची तारीख 11 जून. त्या आठवड्यात पहिली मोठी सर आली आणि काकूंच्या हॉलमध्ये, पूर्वी कधीच गळलं नव्हतं अशा जागी, पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकलं. फोन आधी "येतो" म्हणाला, मग वाजत राहिला, मग बंद. गॅरंटीवरच्या पत्त्यावर भाड्याचा गाळा होता, शटर खाली, मालकाला भाडेकरूचं नावही वेगळंच माहीत.

दिवाळीनंतर स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलावले. त्यांनी गच्चीच्या मधोमध फूटभर चौकोन कापला. सिमेंटखाली शीट नव्हतीच. जुना कोबा जसाच्या तसा, त्यावर काळा रंग, त्यावर दोन इंच सिमेंट. शीट होती ती कठड्यालगत दीड-दोन फूट आणि आउटलेटच्या तोंडाशी, म्हणजे डोकावणाऱ्याला दिसेल तेवढीच. आउटलेटपाशी थर इतका चढवलेला की उतार उलटा झाला होता आणि पाणी मधोमध साचत होतं. त्यांचं पुढचं वाक्य जास्त झोंबलं. दोन इंच सिमेंट म्हणजे चौरस फुटाला नऊ-दहा किलो, सगळी गच्ची धरली तर सुमारे 18 टन वजन आपण चाळीस वर्षं जुन्या स्लॅबवर पैसे मोजून चढवलंत.

पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण. ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. सहकारी संस्थेलाही ती करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण पाठवलेली नोटीस "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत आली. पैसे परत मिळतील असं मी कोणालाच सांगत नाही.

यंदाचं काम दुसऱ्याला दिलं, दर 260. क्षेत्रफळ आधी आम्ही आणि त्याने टेप धरून मोजलं आणि आकडा करारात घातला. अॅडव्हान्स फक्त दहा टक्के. कोबा निघून उघडा स्लॅब दिसल्यावर एक हप्ता, शीट झाकायच्या आधी तिचे जोड बघून दुसरा, पाणी बहात्तर तास ठेवल्यावर तिसरा, आणि दहा टक्के पावसाळा संपेपर्यंत आमच्याकडे. चाचणीला टँकर मागवला, त्याचे पैसे सोसायटीने दिले. डेब्रिजचे ट्रक काकूंनी खिडकीतून मोजले, पाच भरले. रोज दुपारी बारा वाजता, छत्री घेऊन, मी वर जात होतो. मुकादम पहिले दोन दिवस वैतागला, मग माझ्यासाठी खुर्ची ठेवायला लागला.

जून-जुलै कोरडे गेले, म्हणजे आतून. काकूंच्या हॉलच्या छताचे पोपडे मात्र तसेच आहेत. रंगाचा खर्च सोसायटी देणार, ठराव झालाय. त्या म्हणतात, गणपती जाऊ देत, मग बघू.