घड्याळाचा धातूचा पट्टा सैल होतोय: कडी काढावी की क्लॅस्पची पिन सरकवावी?

आधी क्लॅस्पची, म्हणजे पट्टा बंद करायच्या खटक्याची, कड बघा. तिथे ओळीने बारीक छिद्रं असतील, तर निम्मं काम झालंच. आतली स्प्रिंग पिन टोकदार वस्तूने दाबायची, पट्टा पुढच्या छिद्रात सरकवायचा, बस. एका छिद्राने साधारण दोन मिलिमीटरचा फरक पडतो. उन्हाळ्यात मनगट थोडं सुजतं, तेव्हा हीच सोय कामी येते, कारण पुन्हा मागे नेता येतं. फक्त पिनवर बोट ठेवा. उडाली की शोधत बसा!

पण घड्याळ हातावर गरगर फिरत असेल तर छिद्रं पुरणार नाहीत. एक कडी बहुधा आठ-दहा मिलिमीटरची, म्हणजे इथे फरक मोठा आणि कामही जोखमीचं. कड्यांच्या आतल्या बाजूला बाण दिसेल. पिन त्या दिशेने ठोकून बाहेर काढायची, बसवताना उलट दिशेने. क्लॅस्पच्या दोन्ही बाजूंनी शक्यतो सारख्या कड्या काढा, नाहीतर क्लॅस्प मनगटाच्या मधोमध बसत नाही. काही पट्ट्यांत पिनऐवजी स्क्रू असतो. त्याला अगदी मापाचा स्क्रूड्रायव्हर हवा, नाहीतर खाच कायमची खराब होते. पिनेसोबत वेगळी बारीक नळी असेल, तर मी तरी ते काम घड्याळजीकडे देईन.

माझा क्रम ठरलेला: कड्या काढून पट्टा जवळपास मापात आणायचा, उरलेली कसर छिद्रांनी भरून काढायची. काढलेल्या कड्या आणि पिना मात्र जपून ठेवा.